बसप्पाचं रिजेक्शन आणि माझे नऊ गुण

“दाजी, तुमच्या पोरांचा रिपोर्ट एकदम बेस्ट. माझ्या डोक्याचा एक ताप गेला बघा,” प्रकाश फोनवर म्हणाला. “बसप्पाला शुक्रवारपासून पॅकिंगला टाकतोय. नवीन मशीन रवीला.”

सोमवारची संध्याकाळ होती. मी नुकताच कॉलेजातून येऊन चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची बशी पुढ्यात घेतली होती. माझं कौतुक सहसा कोणी करत नाही, त्यामुळं पहिल्या वाक्याला मी खूश झालो. पुढची वाक्यं डोक्यात शिरायला दोन घास लागले.

प्रकाश हा माझ्या बायकोचा, शोभाचा, धाकटा भाऊ. हुबळीजवळ तारिहाळला त्याचं छोटं मशीन शॉप आहे. पंप आणि व्हॉल्व्हला लागणाऱ्या लोखंडी रिंगा तिथं लेथवर कापून तयार होतात. कारखाना माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, उभा केला. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे संपावर गेले आणि किल्ल्या प्रकाशकडे आल्या. त्याआधी प्रकाश हुबळीच्या बाजारात घरचं कापडाचं दुकान बघायचा. कापड बोटांत धरून तो सूत सांगेल. लोखंडाच्या बाबतीत मात्र त्याची सगळी भिस्त कागदावर. आणि हा कागद त्याला मी दिला होता.

मी हुबळीत विद्यानगरच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवतो. राहतो धारवाडला, सप्तापुरात. चोवीस वर्षं शिकवतोय. एवढ्या काळात मुलांना सरासरी काढता यायला लागली, पण ती कधी काढू नये हे काही मला शिकवता आलं नाही. हे माझं गाऱ्हाणं जुनं आहे. मुलं गणित करतात, विचार करत नाहीत, असं मी स्टाफरूममध्ये नेहमी म्हणतो. माझ्याबद्दल मुलं काय म्हणतात, ते मी विचारलेलं नाही.

या सत्राच्या सुरुवातीला प्रिन्सिपॉल मॅडमनी मला बोलावलं.

“इनामदार सर, तपासणीला कमिटी येणार आहे. प्रत्येक डिपार्टमेंटनं एआय वापरून एक उपक्रम करायचा. फोटोसकट.”

“स्टॅटिस्टिक्सचं डिपार्टमेंट म्हणजे मी एकटाच आहे, मॅडम.”

“म्हणजे मीटिंग घ्यायला नको. बरंच झालं.” मग त्यांनी माझ्या रिझल्टचा कागद पुढं सरकवला. “आणि हा पण जरा वाढला तर बघा. यंदाही तुमचाच सगळ्यात कमी आहे.”

त्यावर मी दरवर्षी जे बोलतो ते बोललो. मॅडमनी दरवर्षी ऐकतात तसं ऐकून घेतलं.

तर उपक्रम असा ठरवला. मुलांना पुस्तकातली गणितं न देता खरा डेटा द्यायचा. चार-चार जणांचे गट करायचे. त्यांनी चॅटबॉटला डेटा द्यायचा, प्रश्न विचारायचे आणि रिपोर्ट लिहायचा. चॅटबॉट म्हणजे मोबाइलवर आपण लिहू त्याला माणसासारखं उत्तर देणारा प्रोग्राम. पोरं तो आधीपासून वापरत होतीच, सुट्टीचा अर्ज लिहायला. माझा हिशोब असा, की आकडेमोड तो करेल, म्हणजे मुलांचं डोकं विचाराला मोकळं राहील. डोकं मोकळं राहील हा भाग बरोबर निघाला.

एका गटाला प्रकाशच्या कारखान्याचा डेटा दिला. मशीनवर कापलेल्या नगाला तिथं जॉब म्हणतात. जॉब मापात बसला नाही, की तो बाजूला काढतात. ते रिजेक्शन. कोणी किती जॉब केले आणि त्यांतले किती रिजेक्ट झाले, याची एक वही सुपरवायझर मल्लण्णा ठेवतो. प्रकाशनं वहीच्या तीन महिन्यांच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून पाठवले. वर्गात आम्ही ते पडद्यावर लावले.

पहिल्या पानावर स्वस्तिक, हळद-कुंकू आणि कोणाच्या तरी बोटाचा तांबडा ठसा. आमच्याकडं दर अमावास्येला मशीनची पूजा होते. नारळ फुटतो, लिंबू कापतात आणि मशीनबरोबर वही, वजनकाटा, कॅलक्युलेटर सगळ्यांना कुंकू लागतं. पुढच्या पानांवरही समासात तांबडे ठिपके होते.

“सर, हे ठिपके काय?” गटातल्या शिल्पानं विचारलं. ही मुलगी धीट आहे. प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत खाली बसत नाही.

“कुंकू,” मी म्हणालो.

“इतकं?”

“माणसं भाविक आहेत. ते सोडून दे. डेटा क्लीनिंग म्हणजे हेच. कामाचं ठेवायचं, बाकीचं झटकून टाकायचं.”

वर्ग हसला. मलाही तो विनोद बरा वाटला. शिल्पा बसली आणि ठिपके झटकले गेले.

आता निकाल. आकडे तुमच्या सोयीसाठी गोल करून सांगतो. दोन मुख्य ऑपरेटर होते. बसप्पा जुना, सासऱ्यांच्या वेळचा. रवी तरुण, आयटीआय झालेला. दोघांनी पाचपाचशे जॉब केले. बसप्पाचे बेचाळीस रिजेक्ट, रवीचे बत्तीस. चॅटबॉटनं टक्के काढले, तक्ते काढले, निळ्या-नारिंगी खांबांचे आलेख काढले. मुलांनी निष्कर्ष लिहिला: रवीचं काम बसप्पापेक्षा चांगलं आहे. मी दहापैकी नऊ गुण दिले, सही केली आणि एक प्रत प्रकाशला धाडली. एक गुण शुद्धलेखनाचा कापला.

त्याच सुमाराला कारखान्यात नवीन सीएनसी मशीन आलं होतं. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारं लेथ. आत पत्र्याच्या पेटीत काम चालतं आणि ऑपरेटर बाहेर बटणांपाशी उभा राहतो. ते ज्याच्या हातात जाईल तो शॉपमधला पहिल्या नंबरचा माणूस. पगारही वाढतो. शुक्रवारी त्याची पूजा होती आणि त्याच दिवशी माणूस ठरणार होता.

“बसप्पाला सांगितलंस?” मी फोनवर विचारलं.

“आज दुपारीच. ‘आगली री’ एवढंच म्हणाला. होऊ दे म्हणून. मग हात धुवून परत मशीनवर. दाजी, तो तरी काय बोलणार? रिपोर्टच दाखवला मी त्याला. खाली तुमची सही.”

फोन ठेवला तेव्हा शोभा दारात उभी होती. तिनं अर्धं बोलणं ऐकलं होतं. उरलेलं मी सांगितलं.

“बसप्पा? आपला बसप्पा? अप्पा त्याला एक दिवस सुट्टी द्यायचे नाहीत. आणि तो पॅकिंगला?”

“आकडे तसे आहेत.”

“तुम्ही त्याला काम करताना बघितलंय?”

“नाही.”

“रवीला?”

“नाही. अगं, स्टॅटिस्टिक्समध्ये माणसाला बघायची गरज नसते. तोच तर त्याचा फायदा.”

“मग गिरमिट खा,” ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्या घरी वाद असाच संपतो. हरलो हे मला नेहमी थोडं उशिरा कळतं.

मंगळवारी मी हा रिपोर्ट पुन्हा वर्गात घेतला. खरं सांगतो, तो चुकीचा ठरवावा म्हणून नाही. बरोबर ठरावा आणि रात्री शोभाला तसं सांगता यावं, म्हणून. पण पुन्हा तेच विचारलं तर चॅटबॉट पुन्हा तेच सांगणार. म्हणून थोडा बदल केला. पडद्यावर चॅटबॉट उघडला आणि शिल्पाला टाइप करायला बसवलं.

“लिही. आमचा निष्कर्ष असा आहे. तू उत्तर देऊ नकोस. तू परीक्षक हो आणि आम्हाला प्रश्न विचार. एका वेळी एकच. आम्ही चुकलो असलो तर कुठं, ते आमचं आम्हाला सापडू दे.”

ही युक्ती कुठं वाचली नव्हती. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, त्यांच्यावरून सुचली.

चॅटबॉटनं पहिला प्रश्न विचारला: दोघांनी मिळून किती जॉब केले? ते आम्हाला माहीत होतं. दुसरा: हे जॉब एकाच काळातले आहेत का? होते. मुलांना गंमत वाटायला लागली. मागच्या बाकावरचे दोघं झोपायचे थांबले.

तिसरा प्रश्न पडद्यावर आला. दोघांना एकाच प्रकारचे जॉब मिळत होते का? कोणता जॉब कोणाला द्यायचा, हे कोण ठरवतं?

वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मी पडद्याकडं.

“सर, काय लिहू?” शिल्पा म्हणाली.

“माहीत नाही, असं लिही.”

तिनं लिहिलं. लगेच उत्तर आलं: ज्याला माहीत आहे अशा कोणाला विचारणं शक्य आहे का?

इतक्या सभ्य भाषेत मला आजवर कोणी वेड्यात काढलं नव्हतं.

“सर,” शिल्पा हळूच म्हणाली, “ह्यानं पहिल्या वेळीही थोडं असंच लिहिलं होतं.”

तिनं मोबाइलवर जुनं संभाषण काढून दाखवलं. आलेखांच्या खाली, शेवटच्या परिच्छेदात होतं: हा फरक कामाच्या प्रकारामुळंही असू शकतो, निष्कर्ष काढण्यापूर्वी कामाची वाटणी कशी होते ते तपासावं.

“मग हे रिपोर्टात का नाही घेतलं?”

शिल्पानं कच्चा रिपोर्ट पिशवीतून काढला. तो परिच्छेद त्यात होता. त्यावर लाल पेनानं काट मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, “मोघम. काढून टाका.” अक्षर माझं होतं.

मला त्याचं कारणही आठवलं. असे परिच्छेद सगळ्याच गटांच्या रिपोर्टांत शेवटी होते. सिगरेटच्या पाकिटावर इशारा असतो तसे. मी एका बैठकीत सगळे काटले. चॅटबॉटनं भीत भीत का होईना, खरं सांगितलं होतं. मुलांनी ते उतरवून घेतलं होतं. ते खोडायला मात्र चोवीस वर्षांचा अनुभव लागला.

बुधवारी मी शिल्पाच्या गटाला घेऊन तारिहाळला गेलो. प्रकाश बँकेत गेला होता. मल्लण्णानं आम्हाला शॉपमध्ये नेलं. तो साठीच्या आसपासचा, पँटच्या खिशात मापाचं कॅलिपर आणि कानावर लाल स्केचपेन. तो कानडीत बोलत होता, आम्हीही कानडीत. इथं मराठीत लिहितोय.

“कोणता जॉब कोणाला, हे कोण ठरवतं?” शिल्पानं विचारलं.

“ठरवायचं काय त्यात?” मल्लण्णा म्हणाला. “पातळ असला की बसप्पाकडं. जाड असला की कोणाकडंही.”

“पातळ म्हणजे?”

त्यानं दोन रिंगा उचलल्या. एक जाडजूड, दुसरी बांगडीसारखी. रिंग मशीनवर धरून ठेवायला जबडा असतो, त्याला चक म्हणतात. जाड रिंग चकमध्ये घट्ट आवळली तरी तिला काही होत नाही. पातळ रिंग आवळली की ती जराशी दाबली जाते. दाबलेल्या अवस्थेत ती गोल कापायची आणि चक सोडला की ती उसळून अंडाकृती होते. झालं रिजेक्ट. डोळ्यांना कळत नाही, मापाला कळतं.

“मग बसप्पाण्णा काय करतात?”

“आधी रफ कापतो, मग चक ढिला करतो, रिंगेला श्वास घेऊ देतो, पुन्हा हलक्या हातानं धरतो आणि शेवटचा कट घेतो. किती हलक्या, ते त्याच्या हातालाच ठाऊक. तरी काही जातातच. दुसऱ्याकडं दिले तर किती जातील, विचारू नका.”

“हे कुठं लिहिलेलं असतं का? कोणता पातळ, कोणता जाड?” मी विचारलं.

“असतं की.” त्यानं वही उघडली. “पातळ असेल त्याच्यासमोर मी लाल ठिपका देतो.” आणि त्यानं कानावरचं स्केचपेन काढून दाखवलं.

मुलं माझ्याकडं बघत होती. मी वहीकडं बघत होतो. प्रत्यक्ष वहीत तो ठिपका स्केचपेनचा होता हे लहान मूलही सांगू शकलं असतं. पुसट फोटोत मात्र तो कुंकवासारखा दिसला. शिवाय मी भाविक घरातला.

“मी त्यांना कुंकू समजलो होतो,” मी म्हणालो. लपवण्यात अर्थ नव्हता. चार साक्षीदार होते.

मल्लण्णा इतका हसला, की शेजारच्या मशीनवरच्या माणसानं वळून बघितलं. तो बसप्पा होता. उंच, काटक, पांढऱ्या मिशा. त्यानं मला ओळखलं, मान हलवून नमस्कार केला आणि पुन्हा रिंगेकडं वळला. सहीचा त्यानं विषय काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही तिथंच एका खोक्यावर वही ठेवून पुन्हा मोजलं. शिल्पानं ठिपक्यांच्या ओळी वेगळ्या काढल्या. बसप्पाच्या पाचशेपैकी चारशे जॉब पातळ होते, रवीच्या पाचशेपैकी फक्त शंभर.

आता नीट बघा. पातळ जॉबमध्ये बसप्पाचे चारशेपैकी चाळीस गेले, म्हणजे शंभरात दहा. रवीचे शंभरात सोळा. जाड जॉबमध्ये बसप्पाचे शंभरात दोन गेले. रवीचे चारशेपैकी सोळा, म्हणजे शंभरात चार. पातळ घ्या की जाड घ्या, बसप्पाच सरस. पण सगळं एका पिशवीत ओतून बेरीज केली की बेचाळीस विरुद्ध बत्तीस, आणि बसप्पा मागं. आकडे खोटं बोलत नव्हते. आम्हीच दोन वेगळ्या कामांची बेरीज केली होती. पुस्तकात या प्रकाराला एका इंग्रज माणसाचं नाव आहे. मी तो धडा दरवर्षी शिकवतो. परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्नही काढतो.

तेवढ्यात प्रकाश आला. मी त्याला ऑफिसात बसवून हे सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “दाजी, टोटल ती टोटलच की हो. गिऱ्हाईकाला खराब माल गेला की गेला. पातळ होता का जाड, त्याला काय त्याचं?”

“पण तो दोष बसप्पाचा नाही.”

“असं तुम्ही आज म्हणताय. मागच्या आठवड्यात म्हणालात, रवी चांगला. रवीला मी सांगून बसलोय. त्यानं घरी सांगितलं. उद्या तुम्ही तिसरंच काहीतरी आणाल. मी कारखाना चालवू का तुमचा वर्ग चालवू?”

मी टेबलावरची रिपोर्टची प्रत ओढली, पहिल्या पानावर कानडीत लिहिलं, “हा निष्कर्ष चुकीचा आहे. चूक विद्यार्थ्यांची नाही, माझी आहे,” आणि खाली सही केली. आता एकाच पानावर माझ्या दोन सह्या होत्या, एकमेकींच्या विरोधात.

प्रकाशनं कागद वाचला. “बरं. मग कसं ठरवायचं, ते तरी सांगा. शुक्रवारी पूजा आहे.”

दाराशी उभ्या शिल्पानं तोपर्यंत मोबाइलवर हाच प्रश्न टाकला होता. “सर, हा म्हणतोय, जॉबची वाटणी चिठ्ठ्या टाकून करून बघा. म्हणजे कोणाला सोपं, कोणाला अवघड, हे कोणी मुद्दाम ठरवायचं नाही.”

स्टॅटिस्टिक्समध्ये याला रँडमायझेशन म्हणतात. औषधांची परीक्षा अशीच करतात. नवीन औषध कोणत्या रोग्याला द्यायचं हे डॉक्टरनं निवडायचं नाही, नाणं उडवून ठरवायचं. प्रकाशला औषधापेक्षा चिठ्ठी जास्त पटली. त्यांच्या घरात भिशीसुद्धा चिठ्ठ्या टाकूनच चालते.

गुरुवारी सकाळी मल्लण्णानं ताटात चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीवर कापायच्या मालाच्या एका पेटीचा नंबर. दोघांनी आळीपाळीनं उचलल्या. माझा कॉलेजला तास होता. तो मी दुसऱ्यावर ढकलला आणि तारिहाळला जाऊन कोपऱ्यात स्टुलावर बसलो. शिल्पा वहीत नोंदी करत होती.

रवीला दोन पेट्या पातळ रिंगांच्या आल्या. त्यानं चक आवळला, कापलं, सोडलं. मल्लण्णानं माप घेतलं आणि रिंग लाल पेटीत टाकली. दुसरी कशीबशी बसली. तिसरी लाल पेटीत. रवी मन लावून काम करत होता, त्यात शंका नाही. पाचव्या रिंगेनंतर तो बसप्पाच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. बसप्पा जाड रिंगा कापत होता आणि त्या कामाचा त्याला कंटाळा आला होता, हे लांबूनही दिसत होतं.

जेवणाच्या सुट्टीआधी रवी मल्लण्णाकडं आला. प्रकाश तिथंच उभा होता.

“अण्णा, चिठ्ठी राहू द्या,” रवी म्हणाला. “हे पातळ बसप्पाण्णालाच द्या. माझ्यानं माल वाया चाललाय.”

“रोज तर तुझा माल चांगला जातो,” प्रकाश म्हणाला.

“रोज मला हे देत नाहीत की, सावकार.”

प्रकाशनं लाल पेटीतली एक रिंग उचलून बोटांत फिरवली, कापड बघतो तशी. मग तो ऑफिसात गेला आणि बसप्पाला बोलावून घेतलं.

आत काय झालं ते मला मल्लण्णाकडून कळलं. प्रकाशनं मशीन देऊ केलं. बसप्पा म्हणाला, मी नवीन मशीनवर गेलो तर पातळ माल कोण करणार? दोन महिने रवी माझ्याशेजारी उभा राहील, हात बसला की मी जातो. प्रकाश म्हणाला, मशीन दोन महिने रिकामं ठेवू काय? शेवटी असं ठरलं, की सकाळी बसप्पा सीएनसीवर आणि दुपारनंतर जुन्या लेथवर रवीच्या शेजारी.

शुक्रवारी पूजा झाली. नारळ बसप्पानं फोडला. मी शोभासोबत गेलो होतो. शिल्पाचा गटही आला होता. बसप्पा प्रसाद घेऊन आला तेव्हा मी म्हणालो, “माझ्या हातून चूक झाली, बसप्पा.”

“हौद्री,” तो म्हणाला. म्हणजे, होय. मला वाटलं होतं तो ‘नाही, नाही’ म्हणेल. मग त्यानं शिल्पाकडं बोट केलं. “तुम्ही आधी विचारायला पाहिजे होतं. ही मुलगी आली, तिनं विचारलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कोणी विचारलं नव्हतं.”

रवी त्या दिवशी आला होता, पण माझ्याशी बोलला नाही. अजूनही फारसा बोलत नाही. पगारवाढीची बातमी त्यानं घरी दिली होती, ती त्याला परत घ्यावी लागली. एका रिपोर्टानं मी दोन माणसांचं नुकसान केलं होतं आणि त्यांतल्या एकाचंच भरून काढलं. हाही आकडा लिहून ठेवला पाहिजे.

घरी येताना बसमध्ये शोभाला सगळं सविस्तर सांगितलं. पातळ रिंगा, जाड रिंगा, एका पिशवीतली बेरीज. तिनं पूर्ण ऐकलं.

“म्हणजे अवघड काम एकालाच द्यायचं आणि मग तोच नापास म्हणायचं.”

“अगदी बरोबर.”

“मग दरवर्षी रिझल्ट लागला की तुम्ही घरभर काय ओरडत असता? ‘बॅकलॉगची सगळी मुलं माझ्या वर्गात घालतात आणि माझाच रिझल्ट कमी म्हणतात!’”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. हे माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. स्वतःवरचा अन्याय मला टक्केवारीसकट पाठ होता. दुसऱ्यावरचा तसाच अन्याय माझ्या सहीनं गेला आणि मी त्याला नऊ गुण दिले.

कमिटी आली आणि गेली. मॅडमना मी दोन्ही रिपोर्ट दिले होते. फाइलला त्यांनी पहिलाच लावला. दुसऱ्यात एकही रंगीत आलेख नव्हता, खोक्यावर बसून हातानं काढलेला तक्ता होता. मी सांगितलं, पहिला चुकीचा आहे. मॅडम म्हणाल्या, “सर, कमिटी वाचत नाही.” आमच्या उपक्रमाला उत्तम शेरा मिळाला.

चॅटबॉट मी वर्गातून काढला नाही. काढायचंच असतं तर आधी मला काढावं लागलं असतं. आता मुलं त्याच्याकडून उत्तर घेण्याआधी त्याला प्रश्न विचारायला लावतात. त्यांच्या प्रत्येक ‘माहीत नाही’ची मी यादी करून घेतो. चांगल्या गटाची यादी लांब असते. दहा गुणांची वाटणीही बदलली. डेटा हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात मोबाइल बंद. मुलांनी जागेवर जायचं, माणसांना भेटायचं आणि एक पान लिहून आणायचं: ही नोंद कोण करतं, कशासाठी करतं आणि त्याला माहीत असलेली कोणती गोष्ट तो लिहीत नाही. त्या एका पानाला पाच गुण. उरलेले पाच चॅटबॉट मिळवून देतो.